थांबत थांबत सिडनी ते ॲडलेड: हमरस्त्यावरच्या महाकाय वस्तूंची वाट

ऑस्ट्रेलियातल्या हमरस्त्यांच्या कडेला अवाढव्य वस्तू उभ्या करण्याची एक जुनी हौस आहे. कुठे केळे, कुठे अननस, कुठे कोळंबी, कुठे सोनेरी गिटार, तर कुठे साधा बटाटा. या सगळ्यांना इथले लोक ‘बिग थिंग्ज’ म्हणतात आणि देशभरात त्यांची संख्या दीडशेच्या वर आहे. टपाल खात्याने २००७ साली त्यांतल्या काहींवर तिकिटे काढली आणि २०२३ साली त्यांची चित्रे असलेली एक डॉलरची नाणीही निघाली. सुशिक्षित शहरी माणूस त्यांचा उल्लेख थोडा हसूनच करतो, आणि तरीही लहानपणी आईवडिलांच्या गाडीतून जाताना कोणत्या मेंढ्यासमोर किंवा कोणत्या कोळंबीसमोर आपला फोटो काढला होता, हे त्याला बरोबर आठवत असते.

माझे आई-बाबा सांगलीहून सिडनीला आमच्याकडे आले होते. एप्रिलमध्ये मुलांना सुट्टी लागली आणि ॲडलेडला राहणाऱ्या नवऱ्याच्या आतेबहिणीकडे जायचे ठरले. विमानाने दोन तासांत पोहोचण्याऐवजी गाडीनेच जावे आणि वाटेत येईल त्या प्रत्येक महाकाय वस्तूपाशी थांबावे, ही कल्पना अकरा वर्षांच्या ओवीची होती. सहा वर्षांच्या निहारने ती उचलून धरली. बाबा पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांना रस्ता, जनावरे आणि शेते बघायला मिळणार म्हटल्यावर त्यांची आडकाठी असण्याचे कारणच नव्हते. आईने फक्त दशम्या किती करू, एवढेच विचारले.

पहिला दिवस: रॉबर्टसनचा बटाटा आणि गोल्बर्नचा एडका

ह्यूम हमरस्ता सिडनीहून थेट मेलबर्नकडे जातो, परंतु आम्ही आधी किनाऱ्याने वुलन्गाँगपर्यंत उतरलो आणि तिथून मक्वारी खिंडीने वर चढलो. वळणावळणांच्या त्या घाटात दाट झाडी आहे आणि माथ्यावर येताच आम्हाला जे धुके लागले त्यात पुढच्या गाडीचे तांबडे दिवे तेवढे दिसत होते. त्या धुक्यातून रॉबर्टसन गावाच्या रस्त्याकडेला एक तपकिरी, लांबोडका, ओबडधोबड ढिगारा हळूहळू आकाराला आला. तोच तो बटाटा. जिम मॉगर नावाच्या स्थानिक शेतकऱ्याने १९७७ साली तो बांधला. लांबी सुमारे दहा मीटर आणि रुंदी चार मीटर. त्याला ना डोळे आहेत ना चेहरा, त्यामुळे तो नेमका काय आहे यावर गावकऱ्यांनीच अनेक विनोद रचले आहेत, आणि त्यांतले बरेचसे मुलांसमोर सांगण्याजोगे नाहीत. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “धुऊन तरी ठेवायचा होता.”

ही वस्तू पाहण्यासाठी कोणी मुद्दाम शंभर मैल येईल असे मला वाटत नाही. मात्र तिच्यामुळे आम्ही थांबलो, आणि थांबल्यामुळे या गावची लाल माती दिसली. ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली ही माती बटाट्याला फार मानवते. एका दुकानाबाहेर ती माती तशीच अंगावर असलेले बटाटे पिशव्यांत भरून ठेवले होते. दुकानातल्या बाईंनी आईला कोणता बटाटा तळायला चांगला आणि कोणता कुस्करायला, हे इतक्या आस्थेने सांगितले की नवऱ्याच्या नजरेकडे दुर्लक्ष करून आईने पाच किलोंची पिशवी घेतली. तिसऱ्या दिवसाच्या मुक्कामापर्यंत ती पिशवी निहारच्या पायाशी होती. गावातले ‘पाय’, म्हणजे आत सारण भरून भाजलेले पेस्ट्रीचे पदार्थ, प्रसिद्ध आहेत. ते खाण्याआधी शाकाहारी कोणता आहे ते विचारून घ्यावे, कारण बटाटा असे लिहिलेल्या पायमध्येही खाली बहुधा खिमा असतो.

दुपारी गोल्बर्नला पोहोचेपर्यंत धुके विरून कोरडी, थंड हवा सुटली होती. बिग मेरिनो हा मेरिनो जातीचा एडका हमरस्त्यावरूनच दिसतो. उंची पंधरा मीटर, लांबी अठरा मीटर आणि वजन ९७ टन, सगळा काँक्रीटचा. १९८५ साली तो उभा राहिला आणि जवळच्या एका कळपातला ‘रॅम्बो’ नावाचा खरा एडका त्याचा नमुना म्हणून वापरला गेला होता, म्हणून गावकरी त्यालाही रॅम्बोच म्हणतात. त्याच्या पोटात लोकरीच्या वस्तूंचे दुकान आहे आणि लोकरीच्या धंद्याचे छोटेसे प्रदर्शनही.

बाबांनी प्रदर्शन नंतर पाहिले. आधी त्यांनी एडक्याला सावकाश एक फेरी मारली, जशी ते माणदेशातल्या जनावरांच्या बाजारात मारत असत. मानेखालच्या काँक्रीटच्या जाडजाड वळ्यांपाशी ते थांबले. जुन्या मेरिनोंच्या कातडीला अशा वळ्या असत, त्यांत ओल आणि घाण साचून माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीचे मांस खातात, म्हणून आताचे पैदासकार कमी वळ्यांची जनावरे निवडतात, असे ते मुलांना समजावून सांगू लागले. शेजारी एक वृद्ध गृहस्थ हे मराठी प्रवचन ऐकत उभे होते. भाषा कळत नसली तरी बोट कुठे आहे हे त्यांना दिसत होते. त्यांनी आपण होऊन विचारले, की तुम्ही मेंढ्यांचे डॉक्टर का? ते स्वतः आयुष्यभर लोकरीची प्रतवारी करत आलेले निघाले. मग पाऊण तास आमच्यापैकी कोणाचीही गरज त्या दोघांना उरली नाही. बाबांनी फोनवर त्यांना जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीचे फोटो दाखवले. तिचे बाकदार नाक पाहून ते गृहस्थ खूश झाले, मात्र हिच्या अंगावर लोकर का नाही, याचे त्यांना फार वाईट वाटले. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीपासून घोंगडी विणतात हे सांगितल्यावर, अशी लोकर आमच्याकडे गालिच्यांसाठी जाते, असे ते म्हणाले.

मुलांचे संशोधन तोवर एडक्याच्या मागच्या बाजूला पोहोचले होते. शिल्पकाराने तो नर असल्याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहू नये याची पुरेपूर काळजी घेतली आहे, आणि पाहुण्यांपैकी निम्मे लोक फोटो तिथेच काढतात. बाबांनी तिकडेही तज्ज्ञाच्या गांभीर्याने पाहून प्रमाण ठीक असल्याचा निर्वाळा दिला.

या एडक्याची खरी गोष्ट मात्र त्याच्या आकारात नाही. तो मुळात इथे नव्हताच. १९९२ साली गोल्बर्नला वळसा घालणारा नवा रस्ता झाला आणि गावातून जाणारी रहदारी एकदम आटली. एडक्यासमोरच्या गाड्याही आटल्या. तेव्हा २००७ साली ९७ टनांचा तो ऐवज उचलून सुमारे आठशे मीटर अंतरावर, नव्या रस्त्याच्या फाट्याजवळ आणून बसवला. या वस्तू शोभेच्या नाहीत, गाडी थांबवण्याच्या आहेत. जिथे गाड्या गेल्या तिथे एडकाही गेला. पुढच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी मी आधी जुना रस्ता कुठून जात होता ते पाहू लागले.

या टप्प्यासाठी दोन सूचना. एडक्याचा फोटो चांगला हवा असेल तर सकाळी या. आणि एप्रिलपासून पुढे गोल्बर्नला गार वारा असतो. सिडनीच्या अंदाजाने कपडे घेऊन आलेली माणसे तिथल्या दुकानातून लोकरीच्या टोप्या विकत घेताना दिसतात, आणि दुकानाला ते पक्के ठाऊक असते.

मुक्काम गंडागायला होता. अंधार पडण्याआधी पोहोचण्याचा आमचा आग्रह होता, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि त्यांची धडक गाडीला व कांगारूला दोघांनाही महागात पडते.

दुसरा दिवस: पेटीवरचा कुत्रा, कुरणातली पाणबुडी, लोखंडी डाकू

गंडागायच्या बाहेर ‘डॉग ऑन द टकरबॉक्स’ आहे. बैलगाड्यांच्या काळात मालकाच्या शिदोरीच्या पेटीवर राखण करत बसलेल्या कुत्र्याची ही लोककथा, आणि तिचे शिल्प गावातल्याच फ्रँक रस्कोनी यांनी घडवले. १९३२ साली पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. हा कुत्रा अजिबात महाकाय नाही, साधारण कुत्र्याएवढाच आहे. निहारला ती शुद्ध फसवणूक वाटली. पण गाडी थांबवण्याच्या या खेळात हा सर्वांचा पूर्वज म्हणायला हवा, म्हणून मी त्याला यादीत ठेवले.

गावातले दुसरे शिल्प मला जास्त भावले. १८५२ साली मरमबिजी नदीला रात्री महापूर आला तेव्हा यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी आदिवासी समाजातल्या माणसांनी झाडाच्या सालीच्या होडक्यांतून साठहून अधिक लोकांना वाचवले. त्यांचे ब्राँझचे शिल्प गावात उभे राहायला २०१७ साल उजाडावे लागले. बाबा तिथे बराच वेळ थांबले. सांगलीत २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत छातीएवढे पाणी होते आणि आई-बाबांना बोटीतूनच बाहेर काढले होते. सालीच्या होडक्यात एका वेळी किती माणसे बसत असतील, एवढेच त्यांनी विचारले.

होलब्रुकला पोहोचल्यावर ओवीने पहिल्यांदा हातातले पुस्तक मिटले. चारी बाजूंना कुरणे, मेंढ्या आणि निलगिरीची झाडे, आणि मधोमध हिरवळीत अर्धी बुडाल्यासारखी दिसणारी खरीखुरी पाणबुडी. तिचे नाव ऑटवे, लांबी नव्वद मीटर. १९९४ साली ती ऑस्ट्रेलियन नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली आणि पाण्याच्या रेषेवरचा तिचा भाग समुद्रापासून इतक्या आत, शेतकऱ्यांच्या गावात आणून ठेवला. यामागचे कारण पहिल्या महायुद्धात आहे. या गावाचे नाव आधी जर्मनटन होते. युद्ध सुरू झाल्यावर ते नाव नकोसे झाले. डिसेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट नॉर्मन होलब्रुक यांनी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत सुरुंगांच्या रांगांखालून आपली पाणबुडी नेऊन तुर्की युद्धनौका मेसुदिये बुडवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. १९१५ साली गावाने त्यांचे नाव घेतले. पुढे ऑटवे आणण्यासाठी गावाने वर्गणी सुरू केली तेव्हा होलब्रुक यांच्या पत्नीने मोठी देणगी दिली.

मुलांनी पाणबुडीच्या कडेने चालत पावले मोजायला घेतली. दोघांची उत्तरे जुळेनात आणि पुन्हा मोजणी सुरू झाली. शेजारच्या छोट्या संग्रहालयात बसलेल्या आजोबांनी निहारला पेरिस्कोप कसा चालतो ते हातवारे करून दाखवले. मी त्यांना विचारले, की वळणरस्ता झाल्यावर गावाला काही फरक पडला का? २०१३ साली होलब्रुकचा वळणरस्ता खुला झाला आणि त्याबरोबर सिडनी ते मेलबर्न हा अख्खा मार्ग चौपदरी झाला. ट्रक गेले, रात्री झोप लागू लागली, असे ते म्हणाले. आणि थोडे थांबून, पाणबुडी नसती तर तुम्ही आला असता का, असा उलटा प्रश्न त्यांनीच केला. आम्ही आलो नसतो.

इथल्या बेकरीत व्हॅनिला स्लाइस जरूर घ्यावा. कडक पापुद्र्यांच्या दोन पदरांमध्ये कस्टर्डचा जाड थर असतो, आणि तो हाताने खाताना कस्टर्ड बाजूंनी बाहेर येते. आईने तो थर चमच्याने वेगळा केला, पापुद्रा वेगळा केला, आणि हे आपण घरी करू शकतो असा निकाल दिला.

ऑल्बरीला मरी नदी ओलांडून आम्ही व्हिक्टोरिया राज्यात शिरलो. ग्लेनरोवनला सहा मीटर उंचीचा डाकू नेड केली बंदूक रोखून उभा आहे. डोक्यावर ती प्रसिद्ध लोखंडी बादलीसारखी टोपी. जून १८८० मध्ये याच गावात पोलिसांशी त्याची शेवटची चकमक झाली. नांगराचे फाळ ठोकून बनवलेले चिलखत घालून तो पहाटेच्या धुक्यातून चालत आला, उघड्या पायांवर गोळ्या लागून पडला, आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला मेलबर्नमध्ये त्याला फाशी झाली. इथे काही लोक त्याला गरिबांचा कैवारी मानतात आणि काही लोक पोलिसांचा खुनी. हे वर्णन ऐकून बाबांनी उमाजी नाइकांचे नाव काढले, पण पुढच्याच वाक्यात ते म्हणाले की उमाजींनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला होता, त्यांना या माणसाशेजारी बसवणे योग्य नाही. चहाच्या दुकानातल्या बाईंकडे केलीच्या चेहऱ्याचे टॉवेल, मग आणि बाटल्या उघडण्याची उपकरणे होती. हा पुतळा मला सगळ्यांत कमी आवडला. बटाटा आणि एडका हसतात आणि हसवतात, हा उगाच धमकावतो. आणि ज्या घटनेत माणसे मेली तिचा असा बाजार पाहून थोडे अवघडल्यासारखे होते. निहारला अर्थातच तोच सर्वांत जास्त आवडला.

तिसरा दिवस: लांबचा रस्ता आणि रागावलेला कोआला

या दिवशी फक्त चालवायचे होते. मेलबर्नची गर्दी टाळून आम्ही शेपर्टन आणि बेंडिगोवरून पश्चिमेला गेलो. बेंडिगोत सोन्याच्या खाणींच्या काळात आलेल्या चिनी लोकांच्या वंशजांनी जपलेल्या मिरवणुकीच्या ड्रॅगनचे संग्रहालय आहे. तिथला दाय गम लूंग हा शंभर मीटरहून लांब ड्रॅगन ईस्टरच्या मिरवणुकीत माणसांच्या पायांवर चालतो. रस्त्याकडेच्या काँक्रीटनंतर रेशीम आणि छोट्या आरशांची ती झळाळी पाहून आईचा शीण गेला.

सेंट अर्नोच्या पुढे समोरून आलेल्या धान्याच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेला नाण्याएवढा तारा पडला. अशी चीर लगेच भरून घ्यावी, नाहीतर उन्हात ती पसरते. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी काचेचा विमा आहे की नाही ते आधीच वाचावे, कारण साध्या विम्यात काच अनेकदा धरलेली नसते.

डॅड्सवेल्स ब्रिज हे गाव असे नाहीच, रस्त्याकडेची काही घरे आहेत. तिथे चौदा मीटर उंचीचा कोआला बसलेला आहे. कोआला हा प्राणी जगभर गोंडस म्हणून विकला जातो. पण या कोआलाच्या चेहऱ्यावर, उधारी थकवलेले गिऱ्हाईक समोर आल्यावर किराणा दुकानदाराच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो आहे. निहार चक्क माझ्यामागे लपला. आत दुकान आहे. तिथल्या तरुण मुलीने सांगितले की लहान मुले रडतात आणि मोठी माणसे हसतात, आणि रडणाऱ्या मुलांसाठी ती गल्ल्याखाली गोळ्या ठेवते. निहार रडला नव्हता, तरी त्याला एक गोळी मिळाली.

मुक्काम ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या कुशीत हॉल्स गॅपला होता. खोलीला छोटे स्वयंपाकघर होते, म्हणून आईने रॉबर्टसनचे बटाटे काढले. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात फळमाशीच्या भीतीने बाहेरून फळे नेऊ देत नाहीत, वाटेत तपासणी होते आणि दंडही होतो. मातीने माखलेल्या बटाट्यांबद्दल सरहद्दीवर वाद घालत बसण्यापेक्षा ते पोटात घालणे बरे, असे ठरले. बटाट्याची सुकी भाजी, बटाट्याची रस्सा भाजी, सोबत उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आणि तरीही उरलेले बटाटे शेजारच्या खोलीतल्या जर्मन दांपत्याला गेले. संत्र्यांची मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना सक्ती झाली. बाहेर गवतावर कांगारू चरत होते, त्यांना काही द्यायचे नसते, हे मुलांना तीनदा सांगावे लागले.

चौथा दिवस: खरे महाकाय आणि लॅरी

ईडनहोपला वॉलेस तळ्याजवळ १८६८ च्या आदिवासी क्रिकेट संघाचे स्मारक आहे. इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला हा ऑस्ट्रेलियातला पहिला संघ. मुंबईच्या पारशांचा संघ इंग्लंडला गेला तो १८८६ साली, म्हणजे अठरा वर्षांनंतर, हे बाबांनी कोणीही न विचारता सांगितले.

सरहद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचे. पुढे नॅराकोर्टच्या गुहा १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, कारण त्यांत लाखो वर्षांच्या काळातली हाडे साठली आहेत. वरच्या भोकांतून जनावरे आत पडत आणि बाहेर येऊ शकत नसत. बिबट्याएवढा मांसाहारी थायलॅकोलिओ, आखूड तोंडाचे धिप्पाड कांगारू, असे या खंडाचे खरेखुरे महाकाय प्राणी या भूमीवर हिंडत होते. हाडांच्या गुहेची फेरी मार्गदर्शकाबरोबर असते, तेव्हा वेळ आधी ठरवून घ्यावी.

मग किंगस्टन. गावाच्या तोंडाशी लॅरी हा लालभडक, महाकाय लॉब्स्टर उभा आहे. सतरा मीटर उंच, पोलादी सांगाड्यावर फायबरग्लासचे कवच, लांब मिशा हवेत. १९७९ च्या डिसेंबरमध्ये तो खुला झाला. पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये कारागिरीला पहिला क्रमांक मी यालाच देईन. पायांचा प्रत्येक सांधा, पाठीवरचे काटे, शेपटीखालचे पंखे, सगळे जागच्या जागी आहे. नवरा मालवणचा. इतके दिवस मेंढ्या आणि बटाट्यांविषयी तो फारसे बोलला नव्हता. इथे तो गाडीतून उतरला, मान वर करून मिशांकडे पाहिले आणि म्हणाला, “शेवंड आहे ही. नांग्या नाहीत बघ हिला.” मग मुलांना शेवंड कपारीत कशी राहते, मिशी धरली की ती तुटून हातात कशी येते आणि शेवंड निसटते, हे सगळे साभिनय सांगून झाले.

लॅरीविषयी गावात एक कथा फिरते, की मूळ आराखडा फुटांत होता आणि बांधणाऱ्यांनी तो मीटरमध्ये वाचला. ती बहुधा रचलेलीच आहे, पण सांगणारा प्रत्येक जण आपला काका तिथे हजर होता, अशा थाटात सांगतो. धक्क्यावर भेटलेल्या एका मच्छिमाराने तीच कथा आम्हाला सांगितली. त्याच्याकडून कळले की हंगाम मेअखेरीस संपत आला की बोटी वर काढायच्या, आणि चांगला माल बहुतेक परदेशी जातो. नवऱ्याने एक उकडलेली शेवंड घेतली. किंमत लिहीत नाही, कारण सासूबाई हे वाचतील. नुसते लोणी आणि लिंबू एवढ्यावर ती खाल्ली. बाबांनी एक घास घेतला, बरी आहे म्हणाले आणि आईच्या डब्यातला दहीभात संपवला.

पाचवा दिवस: कुराँग आणि स्कॉटी

किंगस्टनहून उत्तरेला कुराँगच्या खाजणाच्या कडेने रस्ता जातो. एका बाजूला उथळ, रुपेरी पाणी, पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे न दिसणारा समुद्र. वाटेत पेट्रोल पंप फार कमी आहेत आणि फोनची रेंज जाते-येते, म्हणून किंगस्टनलाच टाकी भरून निघावे. मेनिंगीला तळ्यावर पेलिकन होते. महाकाय पक्षी म्हणून निहारने त्यांनाही यादीत घातले.

ॲडलेडच्या मेडिंडी भागात, रहदारीच्या चौकात, एका मोटेलवर किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घातलेला स्कॉटी, म्हणजे एका स्कॉटिश माणसाचा पुतळा, उभा आहे. जेमतेम पाच मीटर. १९६३ साली तो बसवला आणि देशातल्या बिग थिंग्जपैकी पहिला मान सामान्यतः त्यालाच दिला जातो. कॉफ्स हार्बरचे प्रसिद्ध केळे १९६४ चे. स्कॉटीचा शिल्पकार पॉल केली, आणि याच माणसाने सोळा वर्षांनी लॅरी घडवला. आदल्या दिवशी सतरा मीटरची शेवंड पाहून आल्यावर स्कॉटी अगदीच किरकोळ वाटतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि थांबायला जागा नव्हती. नवऱ्याने चौकाला दोन फेऱ्या मारल्या, आणि ओवीने खिडकीतून फोटो काढले. पाहायचाच असेल तर रविवारी सकाळी, शेजारच्या गल्लीत गाडी लावून चालत जावे.

ॲडलेडचे दिवस आतेबहिणीच्या घरी गेले, त्यांत महाकाय असे काही नव्हते, जेवणाची ताटे सोडून. परतताना आम्ही स्टर्ट हमरस्त्याने मिलड्युरा आणि ‘हे’ या गावांवरून दोन दिवसांत सिडनी गाठली. ‘हे’ गावाच्या आसपासचे मैदान इतके सपाट आहे की चालकाला डुलकी लागण्याची भीती असते. दर दोन तासांनी चालक बदलावा. आम्हाला जागे ठेवले ते ओवीच्या प्रश्नाने, की आपल्याकडे अशी वस्तू उभारायची तर कोणती. बाबांचे मत जत तालुक्याच्या हद्दीवर माडग्याळचा एडका, नाकासकट. आई मिरजेची, तिला मिरजेच्या वेशीवर पन्नास फुटी तानपुरा हवा होता. मी सांगलीची हळद सुचवली, तर निहार म्हणाला की ती पुन्हा बटाट्यासारखीच दिसेल. नवऱ्याची शेवंड ठरलेलीच होती. मग बाबांनी मुद्दा काढला, की पुणे-बंगळूर हमरस्ता सांगली-मिरजेला बाजूला ठेवूनच जातो, तेव्हा तानपुरा उभारायचा तर पेठ नाक्याला उभारावा लागेल. आईला ते मुळीच मान्य नव्हते. मिरजेचा तानपुरा पेठ नाक्याला कशासाठी, यावर नरँडेरा येईपर्यंत चर्चा चालू होती.